साडेचारचं रीडिंग

माझ्या धाकट्या भावाला कारखान्यात सगळे काटा म्हणतात. लोकांना नावं ठेवायला काय लागतं म्हणा, पण हे नाव त्याला शोभतं, हे मीही कबूल करते. तो बॉयलरवर आहे. बॉयलर म्हणजे पाणी उकळून वाफ करणारं लोखंडी धूड, दोन खोल्यांएवढं. आत दाब किती, पाणी किती, हे सांगणारे काटे आणि एक काचेची नळी, आणि त्यांच्यासमोर स्टुलावर बसलेला माझा भाऊ. दर अर्ध्या तासाने उठायचं, काटे वाचायचे, आकडे वहीत लिहायचे, पुढे सही करायची. याला ते लोक रीडिंग घेणं म्हणतात. एकवीस वर्षं त्याने हेच केलं.

आता दर अर्ध्या तासाने उठतंय कोण? बाकीचे गडी पाळी सुरू झाली की पहिल्या दहा मिनिटांत आठ तासांचे आकडे लिहून मोकळे. दाब सात, दाब सव्वासात, मध्येच एखादा साडेसात, म्हणजे बघणाऱ्याला खरं वाटावं. मग भिंतीला पाठ लावून खुशाल घोरायचं. भाऊ त्यांना ज्योतिषी म्हणायचा. पहाटे चारला दाब किती असणार हे यांना रात्री दहालाच कळतं, म्हणायचा. त्याची वही तेवढी वेगळी. एकदा साहेबाने त्यालाच बोलावून झापलं, कारण रात्री तीनला दाब पडल्याची नोंद फक्त त्याच्या वहीत होती. साहेब म्हणाला, तुझ्याच पाळीत बरा बिघाड होतो. हा म्हणाला, माझ्याच पाळीत कोणीतरी बघत असतं ना. या उत्तराचं बक्षीस म्हणून त्याला सहा महिने राख उपसायला घातलं. घरी आला तो पापण्यांपर्यंत राखाडी. मी म्हटलं, अरे शहाण्या, जगाला जमतं ते तुला का जमत नाही? तर आंघोळीला जाता जाता म्हणाला, बॉयलरला वही वाचता येत नाही, ताई.

आई गेली तेव्हा तो अकराचा होता आणि मी एकोणीसची. त्याला मीच वाढवला, मीच दामटून शिकवला, आणि वय उलटून चाललं तेव्हा मुलगीही मीच शोधली. स्वतःचं लग्न करायचं राहून गेलं ते गेलंच. मी शाळांचे गणवेश शिवते. तोंडाची फटकळ आहे, हे मला ठाऊक आहे, कोणी सांगायची गरज नाही. त्याची आणि माझी खोली एकाच इमारतीत, मध्ये एक जिना. भावजय माझ्या तोंडाला सुरुवातीला घाबरायची, मग सरावली. शांत पोर. बोलायची कमी, पण मनात काही ठेवायची नाही.

लग्नानंतर सहा वर्षांनी तिला दिवस गेले आणि दीड महिना आधीच ती बाळंत झाली. मुलगी. दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलेली बघितली तेव्हा माझ्या तोंडाला पहिल्यांदा कुलूप लागलं. माझ्या तळहातावर मावली असती. पण रडायची मात्र असली ठसक्यात की मी तिचं नाव चिंगी ठेवून टाकलं. तीन आठवड्यांनी तिला घरी सोडलं आणि सोडताना डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांना समोर बसवलं. एवढ्या लवकर जन्मलेली मुलं झोपेत कधीकधी श्वास घ्यायचं विसरतात, म्हणाल्या. हिचंही तसं होतं, आता कमी झालंय, वाढेल तसं थांबेल, पण तोवर रात्री लक्ष हवं. श्वास थांबलेला दिसला तर तळपायाला टिचकी मारायची, की घेते परत. मग बाकीच्या सूचना. उताणीच झोपवायची. गादी घट्ट हवी, उशी नको, दुलई नको, खेळणी नकोत, स्वतःच्या अंथरुणात घेऊन झोपायचं नाही, खोली फार गरम करायची नाही. मी चार दिवस खपून एक मऊ दुलई शिवली होती, कडेला झालर लावून. भावाने ती घडी करून माझ्या हातात परत दिली. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी माझी मीच गेले, काय करणार, पोरीला बघितल्याशिवाय मला चैन पडेना.

आधी दवाखान्याने एक यंत्र दिलं होतं. पायाला वायर चिकटवायची, श्वास थांबला की ते ठणाणा करायचं. पोरीने पाय झटकला तरी ठणाणा, वायर हलली तरी ठणाणा. पहिल्या रात्री आठ वेळा कोकललं, आठही वेळा चिंगी ठणठणीत. भाऊ म्हणाला, जे आठ वेळा खोटं बोललं त्याच्यावर नवव्यांदा मी विश्वास ठेवणार नाही, आणि नेमकं नवव्यांदाच ते खरं असेल. ते परत केलं. दुसऱ्या दिवशी कामावरून येताना तो शंभर पानी वही, एक सेकंद काट्याचं घड्याळ आणि एक स्टूल घेऊन आला.

वहीत त्याने पट्टीने रकाने आखले. वेळ. एका मिनिटात श्वास किती. ओठांचा रंग. उताणी आहे का. सही. रात्री दहा ते सकाळी सहा, दर अर्ध्या तासाने एक ओळ. मला हसू आवरेना. म्हटलं, अरे ही पोरगी आहे की बॉयलर? तो म्हणाला, दोघांनाही वही वाचता येत नाही, म्हणून आपण बघायचं. पाळ्या ठरल्या. भावजयीने दिवसभर पोरीचं करायचं आणि रात्री फक्त दोनला आणि पाचला पाजायला उठायचं, बाकी झोपायचं, कारण ती झोपली नाही तर दूध कुठून येणार. आठवड्यातल्या दोन रात्री माझ्या, बाकी त्याच्या. त्याने साहेबाचे पाय धरून दिवसपाळी मागून घेतली. एकवीस वर्षांत पहिल्यांदा त्याने कोणाकडे काही मागितलं.

मी स्टुलावर बसले तेव्हा कळलं की हे काम सोपं नाही. दिवा बारका ठेवायचा. वाकून पोटाकडे बघायचं, वर झालं की एक. मोठ्या माणसासारखे ते श्वास एका चालीत नसतात. भराभर दहा घेते, मग थांबते. तुमच्या काळजाचं पाणी होतं, मग परत घेते. चाळीस, बेचाळीस, कधी अडतीस. खरोखरची थांबली असं माझ्या पाळीत दोनदा झालं. ओठ निळसर झाले, मी टिचकी मारली, आणि चिंगीने असा सुस्कारा टाकला जणू मीच तिला त्रास दिला. तेव्हापासून मी हसणं बंद केलं.

तरी माणूसच मी. दुसऱ्याच आठवड्यात एका पहाटे डोळे इतके जड झाले की साडेतीन, चार आणि साडेचार, तिन्ही ओळी एकदमच लिहून टाकल्या. चाळीस, चाळीस, चाळीस. सकाळी भावाने वही घेतली, ओळीवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं. आयुष्यात मला तो कधी उलट बोलला नव्हता. म्हणाला, ताई, तूसुद्धा ज्योतिषी झालीस? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने ते पान फाडलं नाही, तिन्ही ओळींवर काट मारली आणि बाजूला लिहिलं, बघितलं नाही. परत तसं मी कधीच केलं नाही.

अडचण निराळीच होती. भावजयीला झोप लागायची नाही. कोणी जागं आहे हे माहीत असूनही ती दर अर्ध्या तासाने उठायची, खाटल्यावर वाकायची, पोरीच्या नाकाशी हात धरायची. हात गार, पोरगी जागी व्हायची, रडायची, मग सगळं घर उभं. पोरीची आई वाळून काटकी झाली. दूध आटायला लागलं. मग मी माझं फटकळ तोंड उघडलं. तिला समोर बसवून सांगितलं की हे चालायचं नाही. ती वही इथे तुझ्या उशाशी खिळ्याला टांगते. आम्ही ओळ लिहिली की परत इथेच अडकवणार. रात्री जाग आली तर मान वळवून फक्त वही बघायची. ओळ भरलेली असली तर कूस बदलायची आणि झोपायचं. खाटल्याला हात लावायचा नाही. ओळ रिकामी दिसली तर उठ, आकाशपाताळ एक कर, माझी ना नाही. नाहीतर मग आम्ही दोघं डोळ्यात तेल घालून बसतो ते कशाला?

तिने ऐकलं. पहिले दोन दिवस जड गेलं तिला, मग सवय झाली. झोपायला लागली, चेहऱ्यावर तजेला आला, दूध वाढलं. पोरीने बाळसं धरलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी तीनेक आठवडे नेट धरा, मग घोर नाही. सल्ला माझा, गुण माझ्यामुळे आला, हे मी इमारतीत चार जणींना सांगितलंही. नियम माझा होता. हे मी आता कोणाला सांगत नाही.

ती रात्र खरं तर माझ्या पाळीची होती. शाळा उघडायला चार दिवस राहिले होते आणि माझ्याकडे पन्नास सदऱ्यांना बाह्या लावायच्या होत्या. संध्याकाळी मी भावजयीला सांगितलं की आज जमणार नाही, त्याला बसू दे. त्याच दिवशी कारखान्यात याच्या जागेवर येणारा गडी आलाच नाही. पेटलेला बॉयलर सोडून येता येत नाही, तो तसा येणाराही नव्हता. आदल्या रात्री स्टुलावर बसलेला माणूस, सकाळी सहाला गेला तो रात्री दहाला घरी आला. जिन्यात माझ्या दारापाशी थांबला. विचारलं, ताई, दोनपर्यंत तरी बसतेस का? हिला ताप भरलाय, मघाशी फोनवर म्हणाली. मी मशीनवरून मान वर केली नाही. म्हटलं, एक रात्र तुझं लॉगबुक माझ्याशिवाय चालेल. तो बरं म्हणाला आणि वर गेला. चिडला नाही, काही नाही. चिडला असता तर मी भांडत भांडत गेले असते.

पुढचं मला त्यानेच सांगितलं, त्याच दिवशी सकाळी, दवाखान्याच्या बाकावर, एकेक ओळ वाचून दाखवावी तसं.

दोनला त्याने भावजयीला उठवलं. तिचं अंग भाजत होतं. तिने पोरीला पाजलं, ढेकर काढला, याने पोरीला उताणी ठेवली. भावजयीने गोळी घेतली आणि पडली. अडीचचं रीडिंग त्याने नीट घेतलं, बेचाळीस. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की एकदा बेचाळीस मोजताना तो मध्येच कुठेतरी हरवला होता आणि परत पहिल्यापासून मोजावं लागलं होतं. त्याला भीती वाटली की पुढची ओळ लिहायला जाग राहिली नाही तर ही तापात उठेल, ओळ रिकामी बघेल, आणि उरलेली रात्र तळमळत काढेल. एक रात्र तरी तिला झोप मिळावी. आपण काही झोपणार नाही, बसूनच आहोत, फक्त लिहायचं तेवढं लिहून ठेवू. म्हणून त्याने तीन, साडेतीन, चार आणि साडेचार, चारही ओळी भरल्या, सह्या केल्या आणि वही तिच्या उशाशी टांगली. मग स्टूल खाटल्याला चिकटवलं, कठड्यातून हात घातला आणि पोरीचं पाऊल मुठीत धरून बसला. म्हणजे लगेच टिचकी मारता येईल.

पाचला गजर झाला. भावजय उठली. हा कठड्यावर डोकं टेकून गाढ झोपला होता आणि पाऊल अजून मुठीत होतं. ते पाऊल गरम होतं, ताई, असं तो म्हणाला. माझ्या हातानेच गरम होतं. बाकीची गार होती.

भावजयीची किंकाळी मला खाली ऐकू आली. मी मशीनवरच होते, बेचाळिसावा सदरा चालू होता. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बघितलं आणि मान हलवली. नक्की वेळ सांगता येत नाही, म्हणाल्या, पण जाऊन तास तरी झाला असेल. तुम्ही जागे असता तरी वाचली असती असं नाही, हेही म्हणाल्या. बोलायची त्यांची रीत असेल. मी स्वतः दोनदा टिचकी मारली होती आणि दोनदा ती परत आली होती, मला कोण काय सांगणार?

वही भावजयीच्या हातात होती. घरून निघताना तिने ती का उचलली, कोणालाच माहीत नाही. बाकावर बसून ती त्या पानाकडे बघत होती. मग तिने नवऱ्याला विचारलं, साडेचारला होती ना ती? आवाज अगदी साधा होता. त्याला खोटं बोलता आलं असतं. मी डोळ्यांनी त्याला खुणावतही होते, देवाशपथ, आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की याने आता खोटं बोलावं. पण तो काटाच.

"साडेचारचं मी अडीचला लिहिलं," तो म्हणाला.

तिने त्या ओळींवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मला पावणेचारला जाग आली होती. कसंतरी वाटलं म्हणून. मान वळवून वही बघितली. साडेतीनला चाळीस होतं, खाली चारचं आणि साडेचारचंही लिहिलेलं होतं. मला वाटलं, तापात मला घड्याळ नीट दिसत नाहीये. म्हणून झोपले."

माझा नियम तिने अक्षराला अक्षर पाळला होता.

महिनाभराने ती माहेरी गेली ती गेलीच. मी एकदा तिच्या आईच्या घरी जाऊन आले. मनाशी ठरवून गेले होते की सांगायचं, नियम माझा होता, पाळी माझी होती, शिव्या मला घाल. सांगितलंही. तिने मला पाणी दिलं, समोर बसली. मी रडले, ती रडली नाही. म्हणाली, "ताई, माझा त्यांच्यावर राग नाही. त्यांनी माझ्यासाठीच लिहिलं. पण आता त्यांनी दाराला कडी लावली म्हटलं तरी मी उठून बघणार. गॅस बंद केला म्हटलं तरी उठून बघणार. आणि मी उठले की ते बघणार, मी उठले ते. असं कसं राहायचं?" मी पेल्यातलं पाणी संपवलं आणि उठले. वही मागायचा धीर झाला नाही. ती तिच्या आईच्या कपाटावर दिसत होती.

भाऊ परत कामावर जातो. त्याच्याबरोबरचा एक गडी माझ्याकडे मुलाचा गणवेश शिवायला आला होता, त्याने चाचरत सांगितलं. काटा आता पाळीवर गेल्या गेल्या आठ तासांची सगळी रीडिंगं लिहून टाकतो. सह्यांसकट. मग वही मिटतो आणि स्टुलावर बसून आठ तास काट्याकडे बघत राहतो. झोपत नाही, बोलत नाही, जेवणाचा डबा तसाच परत आणतो. दाब पडला तर उठतो, झडप फिरवतो, ठीक करतो, परत बसतो. फक्त लिहीत नाही. कोणी विचारलं तर म्हणतो, मी लिहिलेलं कोणी खरं धरू नये. वह्या आता सगळ्यांच्या सारख्या दिसतात, त्यामुळे साहेब खूश आहे. सुधारला एकदाचा, म्हणतो.

वरची खोली सोडून तो माझ्याकडेच राहायला आला. ते कठड्याचं खाटलं त्याने कोणालाच देऊ दिलं नाही. एवढ्याएवढ्यात जन्मलेल्या कोणाला दिलं तर काय होईल, म्हणाला. ते उभं करून माझ्या शिवणाच्या कापडांमागे ठेवलंय. झालर लावलेली दुलईही तिथेच आहे.

पहिल्याच रात्री मला जाग आली ती कोणीतरी माझ्यावर वाकलंय म्हणून. मी ओरडले, हात झाडला, दिवा लावला, तर हा उभा. हातात ते सेकंद काट्याचं घड्याळ. मी तोंड सोडणार तेवढ्यात तो म्हणाला, मोजत होतो, ताई, आता परत पहिल्यापासून मोजावं लागेल. मी दिवा बंद केला आणि पडले.

झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला उठवता येत नाही, अशी म्हण आहे. मी आता रोज सोंग घेते. तो येतो तेव्हा मी जागीच असते. भिंतीकडे तोंड करत नाही, त्याला दिसावं म्हणून उताणी पडते. तो एक मिनिट उभा राहतो. मी सावकाश, सारखे श्वास घेत राहते, छाती जरा जास्तच वर नेते, म्हणजे त्याची मोजणी चुकायला नको. मोजून झालं की तो माझ्या पायावरची चादर नीट करतो, तळपायाला जरासं बोट लावून बघतो आणि जातो. अर्ध्या तासाने परत येतो.